बापू भोंगेची चाल

बापू भोंगेची चाल बगळ्यावरून उचललीय, असं मी वीसेक वर्षं छातीठोकपणे सांगत आले. शाळेत भूगोल शिकवायचे. सहलीला पोरांना घेऊन नांदूरमध्यमेश्वरला जायचे तेव्हा पाणथळीतला बगळा मी डोळे भरून पाहिलाय. दोन पावलं झपझप, मग एक पाय क्षणभर हवेत, काहीतरी आठवल्यासारखा, आणि मग सावकाश टेकणार. बापूचं तंतोतंत तसंच. यावर दिगंबर गायधनी म्हणायचे, "ज्योत्स्नाताई, तुम्हाला बगळे दिसतात कारण तुम्ही माणसांकडे बघतच नाही." गायधनी बँकेतून रिटायर झालेले, त्यामुळे समोरच्याचं म्हणणं सहीअभावी परत पाठवायची सवय. त्यांच्या मते ती चाल पंचवटीतल्या एका पोस्टमनची होती.

बापू कोण हे आता नव्या पोरांना सांगावं लागतं. 'भोंगे बिल्डिंग' नावाची एक विनोदी कार्टून मालिका टीव्हीवर लागायची. हातानं काढलेली, आणि काढणारी आपल्या नाशिकच्या सिडकोतली तृप्ती वाघचौरे. तिच्या बहिणीच्या लग्नाचं व्हिडिओ शूटिंग आमच्या गांगुर्डेंनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं केलं होतं, त्या ओळखीनं मी मालिका बघायला लागले आणि मग सुटलीच नाही. बापू हा सोसायटीचा सेक्रेटरी. बुटका, ढेरपोट्या, हुशारीचा भारी गर्व. 'लिफ्ट बंद आहे' या भागात तो वीजबिल वाचवायला स्वतःच लिफ्ट बंद करतो आणि किल्ली बोटात फिरवत वरच्या मजल्याच्या लांबलचक गॅलरीतून चालत जातो. मागे एकेक दार उघडतं, एकेक शेजारी कमरेवर हात ठेवून उभा राहतो, बापूला पत्ता नाही. आणि निरोप येतो, की त्याचं स्वतःचं गॅस सिलिंडर खाली येऊन पडलंय. त्या गॅलरीत एक शब्द नाही. नुसती चाल आहे, आणि त्या चालीवर आमचं 'भोंगे मंडळ' दर रविवारी सकाळी मिसळीच्या टेबलावर भांडत आलंय.

मंडळाचा नियम एकच. वादात जो हरेल त्यानं आपला पापड जिंकणाऱ्याच्या ताटात ठेवायचा. मिसळ पापडाशिवाय खायची म्हणजे काय शिक्षा आहे ते नाशिककराला सांगायला नको.

सगळ्यात मोठा वाद त्या हवेतल्या पायाचा. ऋतुजा बोरस्ते ही मंडळातली सगळ्यात लहान, कॉम्प्युटरमध्ये तरबेज. ती म्हणाली, "काकू, ही स्टाइल वगैरे काही नाही. मधली चित्रं गहाळ झालीत, म्हणून चाल अडखळते." मंडळानं रीतसर हात वर करून मतदान घेतलं. ठरलं की ती चूकच आहे. मग ऋतुजानं गहाळ चित्रं भरून काढली, चाल एकसारखी केली, रंग उजळले, जुनी प्रत पुसली आणि नवी 'शुद्ध प्रत' म्हणून सगळीकडे पाठवली. मालिका दाखवणारं चॅनल कधीच बंद पडलं होतं, तृप्तीही बिचारी तोवर गेली होती. त्यामुळे जगात उरली ती शुद्ध प्रतच. विरोधात आम्ही दोघंच होतो, मी आणि गायधनी. जन्मात एकदा आमचं एकमत झालं आणि नेमके तेव्हाच हरलो. पापड दिले.

मग दिवाळीनंतर आमच्या गांगुर्डेंना झटका आला.

निवृत्ती गांगुर्डे म्हणजे लग्नाचं शूटिंग, हे नाशकात समीकरण होतं. वरातीच्या पुढे खांद्यावर कॅमेरा घेऊन उलटं चालणारा ताडमाड उंच माणूस तुम्ही पाहिला असेल, तर ते आमचे हेच. आता उजवं अंग लुळं पडलं आणि बोलणं गेलं. एकच शब्द उरला, 'हो'. चहा हवा का, हो. झोपायचंय का, हो. वीजबिल भरलं का, त्यालाही हो. आधी मला हसू यायचं. नंतर नाही यायचं, कारण ते हो म्हणायचे आणि डोळे भलतंच काही सांगायचे, आणि ते काय हे मला कळायचं नाही. चाकाच्या खुर्चीत बसलेला हा माणूस आयुष्यभर उभा राहून जगला होता.

डॉक्टर फरहाना काझींनी मला नीट समजावलं. म्हणाल्या, "आपल्याला वाटतं चाल मेंदूत असते. मेंदू फक्त 'चल' म्हणतो. कुठला पाय कधी उचलायचा, किती वेळ टेकवायचा, हे खाली पाठीच्या कण्यातल्या पेशी सांभाळतात. वर्षानुवर्षं त्याच ठेक्यावर वाजवणारा तबलजी असतो ना, तसं. झटक्यानं वरून येणारा निरोप अर्धवट झालाय. खालचा तबलजी जागेवर आहे, पण झोपलाय."

त्याला उठवायला त्यांच्याकडे एक पट्टा होता. कमरेला बांधायचा, पाठीला चिकटणारा. तो कण्याला विजेचे बारीक ठोके देतो, पावलांच्या ठेक्यात. ठेका त्या माणसाचा स्वतःचा असला तर पेशी ओळखतात आणि साथ धरतात. परका असला तर हात आखडून घेतात. आणि हे लवकर व्हावं लागतं, पुढं पुढं कणा आपली चाल विसरतो आणि मग खुर्ची कायमची.

सुरुवातीला त्यांनी मशीनमधला सरासरी ठेका लावून बघितला, त्या उंचीच्या, त्या वयाच्या माणसांचा. गांगुर्डेंचे पाय एकमेकांत अडकले. दोघांनी धरले म्हणून पडले नाहीत. त्यानंतर पट्टा दिसला की ते मान फिरवायचे. हो म्हणायचे आणि मान फिरवायचे.

"आम्हाला त्यांचं जुनं चालणं द्या," डॉक्टर म्हणाल्या. "बाजूनं घेतलेलं, डोक्यापासून पायापर्यंत, थोडा वेळ सलग. त्यातून ठेका काढता येतो. आज घरोघरी एवढे व्हिडिओ आहेत."

मीही म्हटलं, त्यात काय. घरी येऊन फोन उघडले, लेकीनं तिच्याकडचे सगळे पाठवले. वाढदिवस, बारशी, डोहाळजेवण, सहली. सगळीकडे हे होते, आणि सगळीकडे कमरेपर्यंत. कुठं केक कापताना, कुठं नातीला कडेवर घेऊन. आपण माणसांचे चेहरे काढतो. पाय कोण काढतं? आणि यांनी स्वतः काढलेली जी लग्नं कपाटात भरून पडलीत, त्यांत अख्ख्या नाशिकची वरात चालतेय, एक हे सोडून. कॅमेऱ्यामागचा माणूस कुठल्याच चित्रात नसतो. त्या दिवशी मी कपाटाचं दार आपटून बंद केलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. घरात आणखी एक माणूस रडायला तयार बसलाय हे माहीत होतं म्हणून आवाज न करता रडले.

मला रविवारी जाता येईना, म्हणून मंडळच घरी आलं. गायधनींनी मटकीचा डबा एका पिशवीत, तर्रीची बरणी दुसऱ्या पिशवीत आणि पापड हातात असे मिरवत आणले. "पेशंटला तर्री चालत नाही, वहिनींना चालते," म्हणाले. मला पहिल्यांदाच वहिनी म्हणाले, म्हणजे आमच्या यांच्याशी जुळवून घ्यायचा विचार दिसत होता. ऋतुजानं टीव्हीवर शुद्ध प्रत लावली. सवयीनं 'लिफ्ट बंद आहे' लागलं.

बापू गॅलरीत आला आणि आमचे हे चिडले. डाव्या हातानं खुर्चीचा दांडा आपटायला लागले, धाडधाड, चेहरा लाल. मला वाटलं आवाजाचा त्रास होतोय. मी टीव्ही बंद केला.

"थांबा," गायधनी म्हणाले. "इतका वेळ हे शांत होते. आवाज तर आधीही होता. नेमके गॅलरीतच का चिडले?"

"आजारी माणूस आहे, चिडायला मुहूर्त लागतो का?" मी म्हटलं.

पण हा माणूस एकदा शंका निघाली की व्हाउचर पास करत नाही. ताटातली मिसळ तशीच टाकून उठले, स्कूटर काढली आणि घरून एक जुना पेनड्राइव्ह घेऊन आले. त्यात हाच भाग होता, त्यांनी त्या काळी टीव्हीवरून उतरवून घेतलेला. रंग विटलेले, वर कोपऱ्यात गादीची जाहिरात सतत नाचतेय. पण शुद्ध न केलेला. "मतदानात हरलो म्हणून पुसून टाकायचा असा काही ठराव नव्हता," ते म्हणाले.

बापू गॅलरीत आला. दोन पावलं झपझप, डावा पाय हवेत, मग टेकला. आमचे हे एकदम शांत झाले. आणि त्यांचा डावा हात दांड्यावर वाजायला लागला. टक टक, थोडं थांबून, टक. टक टक, थोडं थांबून, टक.

"बघा बघा," गायधनी हळूच म्हणाले. "हे चित्र बघून वाजवत नाहीयेत. पाऊल पडायच्या आधी वाजवतायत."

"पाठ झालं असेल हो. माझ्यापायी शंभरदा पाहिलाय त्यांनी."

"मी दोनशेदा पाहिलाय." गायधनींनी चमचा घेतला आणि टेबलावर ठोके धरायला बघितले. दुसऱ्याच दाराशी चुकले. ऋतुजानं बघितलं, तीही चुकली. मी बोटांनी बघितलं, मला तर एकही जमलं नाही. तो थांबा दर वेळी किंचित वेगळा होता, कधी थोडा लांब, कधी आखूड. यांनी डोळे मिटून घेतले तरी एक ठोका चुकला नाही.

मी खुर्चीपुढे खाली बसले. "अहो, हा बापू म्हणजे तुम्ही आहात का?"

"हो."

ऋतुजानं माझ्याकडे बघितलं. तिच्या मनात आलं ते माझ्याही आलं. यांच्या होला काय अर्थ? गायधनी खाकरले आणि वाकून विचारलं, "गांगुर्डेसाहेब, ही पोस्टमनची चाल आहे?"

हे गप्प.

मग मी विचारलं, "मग बगळ्याची?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, चांगलं निवांत बघितलं. ओठ घट्ट मिटलेले, आणि डाव्या बाजूचा कोपरा वर गेला. आजारपणात पहिल्यांदा त्यांनी मला हो म्हटलं नव्हतं.

"काखेत कळसा," गायधनी पुटपुटले आणि पुढचं बोलले नाहीत.

मला सगळं तेव्हाच दिसलं, आणि इतकी वर्षं दिसलं नाही याचं नवलही वाटलं. वरातीपुढे उलटं चालायचं, डोळा कॅमेऱ्यात. मागे वायर असते, गटार असतं, फटाक्यांची माळ असते, कुणाचं तरी पोर असतं. म्हणून डावा पाय मागे टाकताना आधी चाचपायचा, जमीन आहे का बघायची, मग टेकवायचा. उभं आयुष्य असं चालल्यावर तो पाय सरळ चालतानाही चाचपूनच टेकणार. तृप्तीनं बहिणीच्या लग्नात हे हेरलं असणार. हातात छोटा कॅमेरा घेऊन ती हळदीपासून यांच्या मागे मागे होती, मीही त्या लग्नात होते, मला चांगलं आठवतंय. आम्ही म्हणायचो, पोरगी शूटिंग शिकतेय. ती चाल शिकत होती.

बायकोला नवऱ्याची चाल ओळखू येऊ नये, असं तुम्ही म्हणाल. बापू बुटका, हे ताडमाड, हे एक. दुसरं असं, की मी कायम यांच्या पुढं चालत आले. बाजारात, देवळात, लग्नाकार्यात. मागून "अगं, सावकाश" ऐकू आलं की हे येतायत एवढं कळायचं. मागं वळून कधी बघितलं नाही, बघायचं कारणच पडलं नाही.

यांनी मला का सांगितलं नाही ते त्यांनाच ठाऊक. सांगितलं असतं तर मी जन्मभर चिडवलं असतं, एवढं मात्र खरं.

ऋतुजा रडायला लागली. "काकू, मी काकांचे पाय पुसून टाकले. चूक समजून."

"मंडळानं ठराव केला होता, तू एकटीनं नाही," मी म्हटलं. "आता रडून पाय येणार नाहीत. डोळे पूस आणि कामाला लाग."

दुसऱ्या दिवशी आम्ही पेनड्राइव्ह घेऊन डॉक्टर काझींपुढे बसलो. कार्टून म्हटल्यावर त्या हसल्या. गायधनींनी त्यांना आपल्या पद्धतीनं, मुद्दा एक, मुद्दा दोन करत सगळं सांगितलं. मग त्यांनी भाग बघितला, गॅलरीचा तुकडा पुन्हा बघितला आणि हसायच्या थांबल्या.

"अर्कचित्र काढणारा पोट वाढवतो, नाक वाढवतो, पाऊल लांब करतो," त्या म्हणाल्या. "पण वेळ बदलत नाही. वेळ बदलली तर विनोद मरतो. आणि या बाईंनी खऱ्या चालण्यावरून चित्रागणिक गिरवलेलं दिसतंय. मला पावलाची लांबी नकोच आहे. कुठला पाय किती वेळ जमिनीवर, किती वेळ हवेत, एवढंच हवंय, आणि ते इथं आहे."

ऋतुजानं जाहिरातीची गादी बाजूला सारून एकेक चित्र सोडवलं. जिनं ठेका पुसला तिनंच तो परत काढला. आणि त्या ढेरपोट्या बापूचा ठेका आमच्या यांच्या पट्ट्यात भरला गेला.

पट्टा बांधायच्या दिवशी हे पुन्हा मान फिरवतील म्हणून मी धास्तावले होते. नाही फिरवली. दोन लोखंडी दांड्यांच्या मध्ये त्यांना उभं केलं, डावा हात दांड्यावर, उजवीकडे फिजिओथेरपीचा मुलगा. डॉक्टरांनी बटण दाबलं. थोडा वेळ काहीच झालं नाही.

मग उजवा पाय हलला. ओढल्यासारखा, फरफटत, पण पुढे आला. त्याच्यामागून डावा उचलला गेला आणि हवेतच राहिला. फिजिओचा मुलगा घाबरून धरायला पुढं झाला.

"हात लावू नका," मी म्हटलं. "तो तसाच टेकतो."

पाय खाली आला. चाचपून, जमीन आहे याची खात्री करून. मग पुन्हा उजवा. चार-सहा पावलं असतील. दांड्याच्या टोकाला पोहोचून ते थांबले आणि मागे वळून माझ्याकडे बघितलं, लग्नात एखादा शॉट बरोबर मिळाला की बघायचे तसं. डॉक्टर काझी चष्मा पुसत होत्या. गायधनी भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी मनात तृप्तीचे पाय धरले. सगळं जग नवरदेवाकडे बघत असताना त्या पोरीनं कॅमेरावाल्याच्या पायांकडे बघितलं, आणि ते पाय इतक्या वर्षांनी माझ्या घरी परत दिले. असे उपकार कुणाचे फिटत नाहीत, फेडायलाही जाऊ नयेत. आठवावे आणि गप्प बसावं.

पुढं सराव झाला, चिडचिड झाली, मध्ये एकदा ताप आला, पुन्हा सराव झाला. पट्ट्याची गरज हळूहळू कमी होईल असं डॉक्टर म्हणतात. आंब्याचे दिवस आले तेव्हा एका रविवारी मी यांना विचारलं, "मिसळ खायला यायचं?" हो म्हणाले. हा हो खरा होता, आता मला कळतात.

रिक्षा दुकानासमोर थांबली. तिथून टेबलापर्यंत फरशीची लांब ओसरी आहे. मी सवयीनं पुढं निघाले, मग थांबले आणि म्हटलं, "तुम्ही व्हा पुढं." ते काठी टेकत निघाले. कमरेला पट्टा, पांढरा शर्ट, दोन पावलं, मग डावा पाय हवेत, मग जमीन. टेबलाटेबलावरची माणसं बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, "अरे, हा तर बापू भोंगे." यांना मागचं काही दिसत नव्हतं. मी मात्र मागून सगळं बघत होते, आणि मला इतकं सुख झालं की चालायचं विसरले.

मंडळ आधीच येऊन बसलं होतं. आमचं मंडळ गप्प बसलंय हे दुकानदारानंही पहिल्यांदाच पाहिलं असेल. मिसळी आल्या. गायधनींनी आपला पापड उचलला, उभे राहिले आणि आमच्या यांच्या ताटात ठेवला. "पोस्टमन हरला," म्हणाले. ऋतुजानं ठेवला. मग बाकीच्यांनी, ज्यांनी ज्यांनी तो पाय चूक ठरवला होता त्यांनी. शेवटी मी ठेवला. मिसळ दिसेनाशी झाली.

यांनी त्या ढिगाकडे बघितलं. डाव्या हातानं एक पापड उचलला, सावकाश, आणि माझ्या ताटात परत ठेवला. मग तोंड जुळवायला लागले. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"बगळा," ते म्हणाले.

मी पापड खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं ते तर्री तिखट होती म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि गायधनींनीसुद्धा वाद घातला नाही.